बोटावरचा चिमटा आणि पंच्याऐंशीचा आकडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. बायोमेडिकलमध्ये एम.टेक. करायचा विचार आहे. घरचे म्हणतात, डॉक्टर सांगणार आणि तू मशीन दुरुस्त करणार, त्यात संशोधन कसलं? इंजिनिअरिंगचं संशोधन वैद्यकातले प्रश्न सोडवायला खरंच वापरलं जातं का, आणि वापरतात म्हणजे नेमकं काय करतात?"

घरच्यांचं अगदीच चूक नाही. मी या धंद्यात पंचवीस वर्षं आहे आणि त्यातली पहिली आठ खरोखर मशीन दुरुस्त करण्यात गेली. रात्री दोनला फोन यायचा, "सर, मॉनिटर बंद पडलाय," आणि गेल्यावर कळायचं की कुणीतरी प्लग काढून मोबाइल चार्जिंगला लावलाय. पण पुढे उपकरणं डिझाइन करायला लागलो तेव्हा लक्षात आलं की त्या आठ वर्षांतच मी खरं शिकलो होतो. ते कसं, ते पुढे येईल.

या प्रश्नाला "एमआरआय, रोबोटिक सर्जरी, थ्रीडी प्रिंटिंग" अशी यादी देऊन उत्तर देता येतं. तशी उत्तरं भरपूर मिळतात, आणि ती वाचून काहीही कळत नाही. मी एकच उपकरण घेतो. २०२० नंतर ते आपल्याकडे घराघरात आलं आणि आता बहुतेकांच्या कपाटात सेल संपलेल्या अवस्थेत पडलंय: पल्स ऑक्सिमीटर, बोटाला लावायचा तो चिमटा.

आधी त्याचं काम. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेऊन निघालं की लालभडक असतं, ऑक्सिजन सोडला की काळपट होतं. म्हणजे रंगावरून अंदाज बांधता येतो, आणि भूल देणारे डॉक्टर पूर्वी तेच करत. पेशंटचे ओठ बघ, नखं बघ, निळी पडताहेत का बघ. १९४७ साली अमेरिकेत कॉमरो आणि बोटेल्हो यांनी हे तपासून पाहिलं, तेव्हा असं निघालं की ऑक्सिजनचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत बहुतेकांना निळेपणा ठामपणे ओळखताच येत नाही. ऐंशी म्हणजे फार उशीर झाला. डोळ्यांत दोष नव्हता. माणसाच्या डोळ्यांना ते काम झेपणारं नव्हतंच.

मग उपकरण करू. लाल प्रकाश बोटातून पाठवू. ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये उलटं होतं, तिथे ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन जास्त शोषतं. दोन्ही प्रकाश पाठवायचे, पलीकडे किती पोचला ते मोजायचं, भागाकार करायचा. हे तत्त्व दुसऱ्या महायुद्धाच्या काळातही माहीत होतं. उंचावर उडणाऱ्या वैमानिकांसाठी ग्लेन मिलिकन यांनी कानाला लावायचं उपकरण बनवलं होतं, आणि "ऑक्सिमीटर" हे नावही त्यांचंच.

घोडं कुठे अडलं? बोटात नुसतं रक्त नसतं. कातडी असते, हाड, चरबी, नख, आणि ऑक्सिजन वापरून परत निघालेलं शिरांमधलं रक्तही. हे सगळेच प्रकाश खातात, आणि प्रत्येकाच्या बोटात वेगवेगळ्या प्रमाणात खातात. आपल्याला हवा असतो फक्त धमनीतल्या रक्ताचा हिशेब. मग लोकांनी काय काय केलं! कान दाबून आधी त्यातलं रक्त घालवायचं आणि तो 'शून्य' धरायचा. कान गरम करायचा, म्हणजे धमनीचं रक्त भरपूर येईल. सत्तरच्या दशकात हेवलेट-पॅकार्डनं दोनाऐवजी आठ तरंगलांबींचा, म्हणजे आठ वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश वापरणारं उपकरण काढलं. ते चाले, पण कानावर बसवायचा भाग बोजड आणि किंमत प्रयोगशाळांनाच परवडेल अशी. आठ तरंगलांबी म्हणजे आठ समीकरणं, अडथळ्यांपेक्षा माहिती जास्त गोळा करायची. इंजिनिअरला हा रस्ता पहिला सुचतो. चूक नाही, पण महाग पडतो.

आता ताकुओ आओयागी. जपानच्या निहॉन कोहडेन कंपनीतले इंजिनिअर. १९७२च्या सुमारास त्यांना ऑक्सिजन मोजायचाच नव्हता. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं ते त्यांना मोजायचं होतं. त्याची जुनी पद्धत म्हणजे शिरेत रंगद्रव्य टोचायचं आणि ते पातळ होत कसं वाहून जातं ते मोजत राहायचं. त्यासाठी धमनीतून पुन्हा पुन्हा रक्त काढावं लागे. आओयागींना ते सुई न टोचता, कानातून प्रकाश पाठवून करायचं होतं. रंगद्रव्याचा आलेख मिळाला, पण त्यावर नाडीच्या ठोक्यांची थरथर. गुळगुळीत टेकडी हवी होती, मिळाली करवत.

ही करवत घालवण्यासाठी त्यांनी दुसरी तरंगलांबी घेतली, रंगद्रव्य जिला अडवत नाही अशी. तिच्यातही नाडीची थरथर होतीच. दोन्हींचा योग्य प्रमाणात मेळ घातला की थरथर एकमेकींना कापून टाकते आणि आलेख साफ होतो. जमलं. पण श्वास रोखला, ऑक्सिजन खाली आला, की हा मेळ बिघडायचा आणि करवत परत दिसायला लागायची.

इथे थांबून विचार करा. तुमच्या प्रोजेक्टमध्ये असं झालं असतं तर रिपोर्टच्या शेवटी "मर्यादा" या मथळ्याखाली एक ओळ गेली असती: ऑक्सिजनची पातळी स्थिर असावी लागते. गाइडनं सही केली असती. आओयागींनी तीच ओळ उलटी वाचली. ऑक्सिजन बदलला की मेळ बिघडतो, म्हणजे मेळ किती बिघडला यावरून ऑक्सिजन कळेल! आणि नाडीबरोबर हलणारा भाग हा फक्त धमनीच्या नव्या रक्ताचा असतो, कारण ठोक्यागणिक आत येतं ते तेच. कातडी, हाड, नख, शिरेतलं साचलेलं रक्त हे सगळं स्थिर. हलणारं तेवढं घ्यायचं, स्थिर भागानं भागायचं, लाल आणि इन्फ्रारेड दोन्हींसाठी करायचं, आणि मग त्या दोन भागाकारांचा भागाकार. कित्येक वर्षं अडून बसलेली कातडी आणि हाडं एका झटक्यात हिशेबातून बाहेर. जो गोंगाट ते पुसत होते, तोच निरोप निघाला.

१९७४च्या एप्रिलमध्ये त्यांनी हे ओसाकाच्या परिषदेत मांडलं. गंमत म्हणजे मिनोल्टा कंपनीचे लोकही स्वतंत्रपणे त्याच कल्पनेवर काम करत होते, आणि दोन्ही कंपन्यांचे पेटंट अर्ज महिनाभराच्या आत दाखल झाले. निहॉन कोहडेनचं पहिलं उपकरण १९७५ला आलं, आणि त्यानंतर काही वर्षं कंपनीनंच त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. उपकरणाच्या क्षेत्रात हे नेहमीचं आहे. कल्पना सुचणं आणि ती ऑपरेशन थिएटरमध्ये पोचणं यांत दहा वर्षं सहज जातात, आणि ती दहा वर्षं हेसुद्धा संशोधनच असतं.

त्या दहा वर्षांत काय झालं तेही सांगतो, कारण तुमच्यासारख्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला तिथेच खरा रस वाटेल. जपानी उपकरणात बल्ब, फिल्टर आणि प्रकाश नेणारे तंतू होते. अमेरिकेत बायोक्स आणि मग नेलकॉर या कंपन्यांनी एलईडी आणि मायक्रोप्रोसेसर आणला. एलईडी इतका छोटा की तो थेट बोटावरच्या चिमट्यात बसतो. लाल ६६० नॅनोमीटरच्या आसपास, इन्फ्रारेड ९४०च्या आसपास. सेकंदाला शेकडो वेळा लाल लावायचा, मग इन्फ्रारेड, मग दोन्ही बंद. बंद असताना जो प्रकाश येतो तो खोलीतल्या ट्यूबलाइटचा, तो वजा करायचा. मिळालेल्या सिग्नलमध्ये नाडीबरोबर हलणारा भाग किती? शेकडा एक-दोन टक्के, थंड हात असेल तर त्याहूनही कमी. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना शेजारच्याच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकायची, तसलं काम.

दुसरी अडचण: एलईडी कारखान्यातून येतात ते सगळे एका रंगाचे नसतात. एखादा ६५५चा, एखादा ६६५चा. दहा नॅनोमीटरनं आकडा चुकतो. मग काय, प्रत्येक एलईडी निवडून घ्यायचा? नेलकॉरनं प्रोबच्या, म्हणजे वायरसकट त्या चिमट्याच्या, प्लगमध्ये एक साधा रेझिस्टर घातला. त्याचा विद्युतरोध वाचून मशीनला कळतं, या प्रोबमधला एलईडी अमुक रंगाचा आहे, तेव्हा हिशेबाचा तक्ता अमुक वापरायचा. काही पैशांचा रेझिस्टर! दुरुस्तीच्या काळात मी बाजारातले 'चालतात हो साहेब' छापाचे स्वस्त डुप्लिकेट प्रोब उघडून बघायचो. आत एलईडी कुठलाही आणि रेझिस्टर एकच ठरलेला. मशीन गुमान विश्वास ठेवायचं आणि दोन-तीन टक्क्यांनी खोटं बोलायचं.

तिसरी गोष्ट आवाजाची. नेलकॉर सुरू करणाऱ्यांत विल्यम न्यू हे स्वतः भूलतज्ज्ञ होते. १९८३च्या त्यांच्या एन-१०० मशीनचा नाडीबरोबर वाजणारा बीप ऑक्सिजन खाली येईल तसा सूर उतरवत जायचा. सर्जनचे डोळे पोटात, भूलतज्ज्ञाचे सिरिंजवर, आकडा बघायला कुणालाच वेळ नाही. पण सूर उतरायला लागला की खोलीतली सगळी मान वर करतात. मी थिएटरमध्ये कितीतरी वेळा हे पाहिलंय, गप्पा अर्ध्यावर तुटतात. सेन्सरमध्ये यानं काही फरक पडला नाही, पण माझ्या मते हे उपकरण जगभर रुजलं त्यात या उतरत्या सुराचा वाटा एलईडीइतकाच आहे. १९८६ला अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं देखरेखीचे निकष काढले आणि पुढच्या काही वर्षांत ऑक्सिमीटरशिवाय भूल देणं तिकडे अकल्पनीय झालं. २००८च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-यादीत तर "ऑक्सिमीटर लावला का, चालू आहे का" हा प्रश्नच आहे.

आता कॉलेजात कुणी न शिकवणारा भाग. तो भागाकारांचा भागाकार काढला, समजा ०.५ आला. त्यावरून टक्के कसे काढायचे? पुस्तकातला प्रकाशशोषणाचा नियम वापरला तर उत्तर चुकतं, कारण तो नियम काचेच्या स्वच्छ भांड्यातल्या द्रवासाठी आहे आणि बोटात प्रकाश सरळ न जाता धडपडत, विखुरत जातो. म्हणून धडधाकट स्वयंसेवक घेतात, त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीत कमी ऑक्सिजनची हवा श्वासातून देतात, टप्प्याटप्प्यानं पातळी सत्तर टक्क्यांपर्यंत उतरवतात, प्रत्येक टप्प्याला धमनीतलं रक्त काढून प्रयोगशाळेत तपासतात आणि मशीनच्या भागाकाराशी जोडी लावतात. त्यातून एक वक्र मिळतो. ढोबळमानानं तो असा: ११० वजा २५ गुणिले भागाकार. ०.५ असेल तर साडेसत्त्याण्णव. १ असेल तर ८५. तुमच्या घरातला चिमटा आतून अशाच कुठल्या तरी तक्त्यावर चालतो. सत्तरच्या खाली कुणालाच उतरवत नाहीत, म्हणून तिथला आकडा निव्वळ रेघ पुढे ओढून काढलेला असतो.

आणि या वक्राभोवती ठिपके विखुरलेले असतात. चांगल्या मशीनची चूक 'दोन टक्के' लिहिलेली असते, तिचा अर्थ साधारण दोन-तृतीयांश वेळा आकडा दोनच्या आत बरोबर, उरलेल्या वेळा त्याहून दूर. कोविडमध्ये ओळखीच्या लोकांचे फोन यायचे, "काका, बाबांचं पंच्याण्णव होतं, आता चौऱ्याण्णव दाखवतंय!" मी सांगायचो, आधी हात चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसवा, मग बघा, आणि एका आकड्याकडे नको, दिवसभर कुठे चाललंय तिकडे बघा. सहा मिनिटं चालवून पुन्हा मोजायला आरोग्य खातं सांगत होतं, ते श्रमानं आकडा खाली येतो का हे बघायला. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत २०२०च्या सप्टेंबरपासून आशाताई थर्मल गन आणि हा चिमटा घेऊन दारोदार फिरल्या. आओयागी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.

८५ या आकड्यावर मला थोडं रेंगाळायचंय. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागात मी दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. एका बाळाच्या मॉनिटरवर ८५, ८४, ८६. नवखा डॉक्टर ऑक्सिजन वाढवायला निघाला होता. सिस्टर मला म्हणाल्या, "सर, मशीन बिघडलंय का हो? बाळ तर गुलाबी दिसतंय." मी आकड्याऐवजी खालची लाट बघितली. नाडीची लाट टेकडीसारखी असते, इथे नुसता कचरा होता, कारण बाळ पाय झाडत होतं आणि प्रोब पायाला होता. पाय हलला की लाल आणि इन्फ्रारेड दोन्ही सारखेच हलतात. दोन्ही सारखे हलले की भागाकार किती? एक. आणि एक म्हणजे तक्त्यात ८५. मशीन बिघडलं नव्हतं, ते 'मला काही कळत नाहीये' हे त्याच्या भाषेत सांगत होतं. सिस्टरनी बाळाचा पाय हलक्या हातानं धरला, वीस सेकंदांत ९६.

डॉक्टरनं ऑक्सिजन वाढवला असता तर काय बिघडलं असतं, असं कुणी म्हणेल. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जास्त ऑक्सिजन बाधतो, डोळ्यांच्या पडद्याला इजा होते. १९४०-५०च्या दशकांत इन्क्युबेटरमध्ये सढळ हातानं दिलेल्या ऑक्सिजनपायी कितीतरी मुलं आंधळी झाली. तिथे खोटं ८५ हे खऱ्या ८५ इतकंच धोक्याचं.

हा हालचालीचा प्रश्न सुटला तो वैद्यकाबाहेरच्या गणितानं. जुनं गृहीतक होतं की हलतं ते फक्त धमनीचं रक्त. पेशंट हलला की शिरेतलं रक्तही हेलकावतं आणि गृहीतक कोसळतं. १९८९ला मासिमो कंपनी काढणारे जो कियानी आणि त्यांचे सहकारी मोहम्मद दियाब यांनी ॲडॅप्टिव्ह फिल्टर वापरले. गोंगाटाचा वेगळा नमुना मिळाला तर तो मूळ सिग्नलमधून शिकत शिकत वजा करायचा, हे तंत्र स्टॅनफर्डच्या बर्नार्ड विड्रो यांनी आधीच नावारूपाला आणलं होतं. सिग्नल प्रोसेसिंगच्या तासाला तुम्ही एलएमएस अल्गोरिदम पाठ केला असेल, तोच त्या घराण्यातला. एम.टेक.ला जाताना ती वही रद्दीत घालू नका.

चिमटा कुठे फसतो हेही माहीत हवं. काळी मेंदी लावलेल्या बोटावर कधीकधी सिग्नलच येत नाही. लग्नसराईत हे हमखास होतं, मग चिमटा आडवा लावायचा किंवा कानाची पाळी शोधायची. पण खरा धोका गॅस गिझरचा. बंद बाथरूममध्ये गिझर चालू ठेवून बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड भरलेला असतो. त्यानं व्यापलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाशाला ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. माणूस गुदमरतोय आणि चिमटा सांगतो ९८. दोन तरंगलांबींत दोनच अनोळखी गोष्टी सुटतात, तिसरी आली की मशीन तिला पहिल्या दोनांतच कुठेतरी कोंबतं. समीकरणं आणि अज्ञात संख्या, आठवीतलं बीजगणित. म्हणजे आठ तरंगलांबीवाले अगदीच वेडे नव्हते.

आणि आता ज्या भागाबद्दल आपण इंजिनिअर मंडळींनी मान खाली घालावी तो. स्वयंसेवक घेऊन वक्र काढतात म्हणालो. कोण स्वयंसेवक? बराच काळ बहुतेक गोरे. गडद कातडीवर आकडा जास्त दिसतो असे इशारे १९९०पासून येत होते. २०२०च्या डिसेंबरमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी मोठा अभ्यास छापला. चिमट्यावर ९२ ते ९६ दिसत असताना रक्ततपासणीत ८८च्या खाली निघालेले रुग्ण गोऱ्यांत ३.६ टक्के होते, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. म्हणजे जवळपास तिप्पट लोकांना मशीन 'ठीक आहे' म्हणत होतं.

सिद्धांत तर सांगतो की कातडी स्थिर, ती भागाकारात निघून जाते. मग रंग शिरला कुठून? एक कारण असं की एलईडीचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा नसतो, पट्टा असतो. कातडीला रंग देणारं मेलॅनिन त्या पट्ट्याची एक कड जास्त खातं, म्हणजे पलीकडे पोचणारा लाल आपण समजतो तो लाल राहत नाही. शिवाय एकूण प्रकाशच कमी पोचतो, लाट बारीक होते, गोंगाट वर येतो. कागदावर 'स्थिर म्हणून वजा' केलेली गोष्ट प्रत्यक्षात पुरती वजा झालेली नव्हती. औषधं आणि उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएचा २०१३चा निकष होता दहा किंवा जास्त माणसं, त्यांत गडद कातडीची किमान दोन किंवा १५ टक्के. २०२५च्या जानेवारीत त्यांनी नवा मसुदा काढला, त्यात किमान दीडशे माणसं आणि कातडीचा रंग मोजून घेण्याची पद्धत आहे. आपल्याकडे गोऱ्यापासून काळ्यासावळ्यापर्यंत सगळ्या छटा एकाच वॉर्डात असतात. तुम्हाला प्रबंधाचा विषय हवा असेल तर हा घ्या, मी फुकट देतो.

एवढं वाचून असं वाटायला नको की सगळं संशोधन सिग्नलचंच असतं. मेकॅनिकल, मेटलर्जीवाल्यांसाठी एक झटपट उदाहरण: तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतली हृदयाची कृत्रिम झडप. डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली इंजिनिअरांनी ती घडवली. हृदय मिनिटाला ७० वेळा धडधडतं धरलं तर वर्षाला सुमारे ३.७ कोटी वेळा झडप उघडते-मिटते. दहा वर्षं टिकायची तर सुमारे सदतीस कोटी. आधीची मॉडेलं एकामागून एक बाद झाली, एकात तर कृत्रिम नीलमण्याची चकती मेंढीच्या हृदयात फुटली. नीलमणी कठीण असतो, पण कठीण म्हणजे चिवट नव्हे. शेवटी चकती निघाली चिवट प्लॅस्टिकची, पॉलिइथिलीनची, आणि १९९०च्या डिसेंबरमध्ये ती पहिल्यांदा माणसात बसवली. आजवर एक लाखाहून अधिक लोकांच्या छातीत ती टिकटिकली आहे. इथे संशोधन म्हणजे यंत्रावर ती झडप रात्रंदिवस उघडझाप करत ठेवणं आणि कुठे झिजली ते सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. कंटाळवाणं आहे. सगळं तिथेच ठरतं.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो, कारण "नेमकं काय करतात" याचं उत्तर तिच्यात आहे. आम्ही चार जणांनी बाळांसाठी स्वस्त मॉनिटर बनवला. टेबलावर उत्तम चालायचा. वॉर्डात नेला आणि काविळीच्या बाळांवर आकडे नाचायला लागले. दोन आठवडे आम्ही सॉफ्टवेअर उपसत बसलो. मग एका दुपारी मी नुसताच कोपऱ्यात स्टूल टाकून बसलो. सिस्टर प्रोब लावत आणि लगेच बाळाच्या पायावर घडी घातलेलं दुपटं टाकत. विचारलं, "ताई, हे कशाला?" त्या म्हणाल्या, "निळ्या लाइटखाली मशीन वेडं होतं ना. आम्ही जुन्या मशीनलाही असंच करायचो. तुमच्या मुलांनी ते काढून ठेवलं सकाळी, स्वच्छ दिसावं म्हणून." काविळीसाठी लावलेला तो प्रखर निळा दिवा आमचा फोटोडायोड, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, पार झाकोळून टाकत होता, आणि 'दोन्ही बंद' असताना प्रकाश वजा करण्याआधीच सिग्नल मोठा करणारा ॲम्प्लिफायर माथ्याला टेकत होता, म्हणजे त्याची कमाल मर्यादा गाठत होता. वजाबाकी कसली करणार? मग आम्ही प्रोबला काळं आवरण दिलं, ॲम्प्लिफायरचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते, कमी केला, आणि माथ्याला टेकला तर आकडा न दाखवता रेघ दाखवायची अशी सोय केली. उत्तर सिस्टरांकडे वर्षानुवर्षं होतं. कुणी विचारलं नव्हतं इतकंच. दुरुस्तीच्या आठ वर्षांत मी शिकलो ते हे: स्टूल टाकून बसायला.

आता तुमच्या एम.टेक.चं. कॉलेज निवडताना लॅबमध्ये कुठलं मशीन आहे हे विचारू नका. आठवड्यातून किती वेळा रुग्णालयात पाय ठेवायला मिळेल आणि तिथल्या कुणा डॉक्टरला तुमच्या प्रश्नात रस आहे का, ते विचारा. मुंबईच्या आयआयटीतलं बेटिक केंद्र याच पद्धतीनं डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसवतं, तिथलं काम जाऊन बघा. कायद्याची बाजूही लवकर वाचा. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७चे आहेत, जोखमीप्रमाणे अ ते ड असे वर्ग आहेत, आणि माणसावर काहीही लावून बघण्याआधी नीतिसमितीची परवानगी लागते. "फक्त बोटाला तर लावायचंय" हे चालत नाही.

स्वतःच्या बोटाला मात्र लावा. घरच्यांशी वाद घालण्याआधी हे करा. एक लाल आणि एक इन्फ्रारेड एलईडी, एक फोटोडायोड, एक ऑप-ॲम्प आणि कुठलाही छोटा मायक्रोकंट्रोलर, सगळं मिळून हजाराच्या आत. बोट ठेवा, दोन्ही लाटा पडद्यावर आणा. पहिल्यांदा नुसती ट्यूबलाइटची १०० हर्ट्झची गुणगुण दिसेल, ती बंद करा. मग टेकड्या दिसतील. हलता भाग भागिले स्थिर भाग, दोन्हींचा भागाकार, ११० वजा २५ पट. ९५च्या वर काहीतरी यायला हवं, नाही आलं तर एलईडी बदला आणि का नाही आलं ते वहीत लिहा. आलं की तोच हात टेबलावर हलकेच थरथरवा आणि आकडा ८५ कडे घसरताना बघा.

तो घसरला की मला कळवा, पुढचं बोलू.